रिकाम्या हातानं

साखर कारखान्याचा भोंगा वाजला की माझा हात अजून गळ्यातली शिट्टी शोधतो. शाळेतली खेळाची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. ती शिट्टी कुठल्या डब्यात पडली आहे तेही मला सांगता येणार नाही, पण बोटांना हे कोण समजावणार? ऊस गाळायचे दिवस आणि मुलींच्या खो-खोच्या स्पर्धांचे दिवस आमच्याकडे एकच. रस्त्यावर पडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाडं, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावरचे कर्णे, हवेत मळीचा आंबूस-गोड वास आणि त्या वासात मैदानावर पाणी मारून बसवलेली माती. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं मी थंडी अशीच नाकानं ओळखली.

यंदा भोंगा वाजला तेव्हा मात्र मला मी जिंकलेली एकही ढाल आठवली नाही. आठवला तो गेल्या वर्षीचा हंगाम. अडुसष्टाव्या वर्षी मी दप्तर घेऊन दर रविवारी कऱ्हाडहून एसटीनं सांगलीला जात होते आणि माझ्या छडीपेक्षा वयानं लहान असलेल्या बाईला 'मॅडम' म्हणत होते, तो हंगाम.

अभ्यासक्रम सहा महिन्यांचा होता. खेळाडूचं मन कसं घडवायचं, दुखण्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा हालतं-चालतं कसं करायचं, त्यासाठी त्याच्याशी कसं बोलायचं, असा एकूण विषय. मुलगा म्हणाला, "आई, आता तुला कुणाला प्रशिक्षण द्यायचंय?" मी म्हटलं, "तुला." शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मात्र हसून घेतलं. म्हणाले, "मनाचं कौतुक पाचगणीच्या शाळांतल्या पोरांचं, जाधवबाई. आपल्या पोरांना मन कुठं होतं?" तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसले होते. कारण खरं सांगायचं तर मी शिकायला चाललेच नव्हते. एका शिबिरात एक तरणा प्रशिक्षक हरलेल्या मुलीपुढे गुडघ्यावर बसून "तुला काय वाटतं, कुठं चुकलं?" असं विचारताना मी पाहिला होता. खेळाडूला विचारायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे असलं कोण शिकवतं ते बघावं आणि त्यांची खोड काढावी, म्हणून मी फी भरली.

पहिल्याच रविवारी खोड माझी निघाली. ऋचा मॅडमनी जोड्या लावल्या. समोरच्याला दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. माझ्या समोर एका व्यायामशाळेचा धिप्पाड प्रशिक्षक आला होता. त्याला सकाळी उठवत नव्हतं. मी विचारलं, "मग रात्री मोबाईल बाजूला ठेवून लवकर झोपायला काय होतं तुला?"

मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आजी, हा प्रश्न नाही. ही प्रश्नचिन्ह लावलेली चापट आहे."

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

त्या दिवशी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तेहतीस वर्षांची असतानाच्या जाधवबाईला आठवून बघितलं. नऊवारीच्या नव्हे, पण पाचवारीच्या निऱ्या कमरेला खोचून खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी ती बाई. अंबाडा इतका घट्ट बांधायची की भुवया वर ओढल्या जायच्या आणि चेहरा कायम चकित दिसायचा. चकित ती कशानंच होत नसे, कारण तिला सगळं माहीत होतं. तिचं मानसशास्त्र दोन वाक्यांत संपायचं. भीती असली की पाय पळतात. कौतुक केलं की जड होतात. या भांडवलावर ती जिल्हाभर हिंडली आणि लोक तिला शिस्तीची बाई म्हणत राहिले. आज ती समोर आली तर मी आधी तिचा अंबाडा सोडीन.

अभ्यासक्रमाचं शेवटचं काम असं होतं: एक माणूस निवडायचा. ज्याला काही करणं भाग आहे, करता येण्यासारखं आहे, तरी तो करत नाही. त्याच्याबरोबर सहा आठवडे काम करायचं आणि अहवाल लिहायचा. असा माणूस मला एसटीतच सापडला. शेजारच्या सीटवर मांडीवर दवाखान्याची फाईल धरून बसलेली बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, वळखलं न्हाई व्हय? मी कमल. पोल मारायची बगा."

पोल मारणारी कमल! खांबाला हात घालून अख्खं अंग आडवं फेकायची आणि पळणारीला टिपायची. पंधरा वर्षांची होती. तिच्यासारखी मुलगी मला नंतर मिळाली नाही. आता पन्नाशीची, सुजलेल्या पायांची, दम लागणारी कमल माझ्याशेजारी होती. काळजाला दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की रोज चाळीस मिनिटं चालायचं, ओझं उचलायचं नाही. नाही चाललीस तर पुढच्या खेपेला इथवर पोचशील की नाही सांगता येत नाही.

"मग चालतेस का?"

"चालाय हवं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मला दुःख व्हायला हवं होतं. झालं ते नंतर. आधी मनात आलं, मिळाला माझा माणूस.

तिचं गाव कृष्णाकाठचं, माझ्या एसटीच्या वाटेवरचं. आठवड्यातून एकदा मी तिथं उतरायचे. पहिल्या भेटीत मी वहीत ध्येय लिहून घेतलं आणि मुलानं मला दिलेलं पावलं मोजणारं घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं. आठवड्यानं आकडे बघते तर रोज चौदा हजार पावलं! मी वर्गात कागद लावून तो आलेख दाखवला. टाळ्या पडल्या. ऋचा मॅडमसुद्धा म्हणाल्या, "आजी, हे कसं जमवलंत?" मी मान तिरकी करून म्हटलं, "अनुभव."

पुढच्या खेपेला न कळवता गेले. कमल सोप्यात शेंगा फोडत बसली होती आणि परड्यात तिची शेळी माझं घड्याळ गळ्यात घालून बाभळीच्या शेंगा खात होती.

"कमळे!"

"आवं बाई, तुमीच म्हनला आकडा वाढला पायजे. वाढला न्हाई व्हय?" तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट थोडी नाराजी होती. "लय पळतीया ती. मला न्हाई जमायचं तेवढं."

मी इतकी हसले की ओट्याला धरून बसावं लागलं. पण घरी येताना हसू विरत गेलं. माझ्या मुली मला आयुष्यभर हेच देत आल्या होत्या. बाईला जो आकडा हवा तो. दुखत असलेला गुडघा दाबून धरलेला 'काही नाही बाई'. ताप अंगात ठेवून मारलेल्या दहा फेऱ्या. मला आकडा दिसायचा आणि मी खूश. गळ्यात घड्याळ कुणाच्या आहे ते मी कधी बघितलं होतं?

मग मी अभ्यासक्रमाच्या पुस्तकातला दुसरा धडा काढला. डोळे मिटून चित्र बघायचं. ज्या जागी आपलं अंग हलकं होतं, ती जागा. खेळाडू स्पर्धेच्या आधी असं बघतात, त्यानं शरीराला उमेद येते. भर दुपार होती. कमलच्या सासूबाईंनी बिनसाखरेचा चहा ठेवला आणि "उसाच्या रानात ऱ्हाऊन ही वेळ आली बगा," असं म्हणून आत गेल्या. कमलनं डोळे मिटले.

"काय दिसतंय?"

"मैदान." ती म्हणाली. "लाल माती. पानी मारल्यालं. फक्की वडल्याली. मी चौकटीत बसलीया. पाठीमागनं पाय वाजत्यात." तिचे तळवे चटईवर टेकले, जणू उठायच्या बेतात. मला वाटलं, जमलं! "लय गर्दी हाय. सांगलीचं मैदान. मी उठले."

"मग?"

"खो मिळायच्या आदीच उठले. पाठीला हात लागला नव्हता." डोळे मिटलेलेच होते. "मग तुमी आलासा."

मला तो सामना आठवत होता. जिल्ह्याची शेवटची फेरी. तिच्या फाऊलमुळे पळणारी निसटली आणि एका गुणानं ढाल गेली. पुढचं मात्र आठवत नव्हतं.

"मी काय म्हणाले?"

कमलनं डोळे उघडले. "पुन्ना माझ्या मैदानावर पाय ठेवायचा न्हाई, म्हनला. मग न्हाई ठेवला."

हे तिनं असं सांगितलं, जसं आपण सांगतो की गुरुवारी दुकान बंद असतं.

आता तुम्हाला माझी पद्धत सांगते. हरल्यावर मी प्रत्येकीला हेच बोलायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती रडत मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची. मी अर्धा तास तिच्याकडे बघायचे नाही. मग हातात पाण्याची झारी द्यायचे. तिनं मैदानावर पाणी मारलं की प्रकरण मिटलं. सगळ्यांना हे माहीत होतं. कमल मात्र त्याच वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेतून आलेली. तिला कुणी सांगितलं नाही. ती आली नाही, म्हणून मी तिला गर्विष्ठ ठरवलं. येईल झक मारत, असं म्हणत राहिले आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं.

"अगं, रागात बोलले असेन. दुसऱ्या दिवशी यायचं होतंस. सगळ्या यायच्या."

"मला काय ठावं, बाई? तुमी म्हनला म्हंजी म्हनला."

"आणि लग्न?"

"दादा म्हनत हुतं, अजून दोन वर्सं खेळू दे पोरगी. पर मी मैदानावर जाईना. तवा म्हनलं, खेळत बी न्हाईस, मग घरात बसून काय करतीस? आलं स्थळ, दिली."

दादा म्हणजे तिचे वडील. त्या वडिलांना मी पुढची पंचवीस वर्षं व्यासपीठांवरून झोडपलं होतं! कुठल्याही बक्षीस समारंभात माझं ठरलेलं भाषण असायचं. "माझी एक विद्यार्थिनी, राज्यात खेळली असती, पण अडाणी बापानं लग्न करून दिलं." पालक खाली बघायचे. मी रुमालानं डोळे टिपायचे. पहिल्या रांगेत टाळ्या. त्या माणसानं मुलीला खेळू द्यायचं ठरवलं होतं आणि खेळ मी थांबवला होता. शेकडो मुलींना दम दिले, त्यातल्या एकीनंच माझ्या शब्दाला खरा मान दिला आणि तिचंच मी नुकसान केलं.

त्यानंतरच्या रविवारी मी वर्गात गेले नाही. गुडघा दुखतो, असं कळवलं. गुडघा ठीक होता.

नंतर आठवडाभर माफीचं वाक्य जुळवत बसले. निबंधाच्या स्पर्धेला उतरवल्यासारखं भरजरी झालं होतं. कमलच्या सोप्यात बसून मी ते म्हणून दाखवलं. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "बाई, आता माफी मागून मला चालाय लावताय व्हय?"

तिचं बरोबर होतं. माफी खरी होती, पण त्या माफीच्या खिशात अहवाल होता.

"थोडंसं तसं आहे," मी म्हटलं.

"असू द्या," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "तुमी बी खोटं बोलाय शिकला न्हाई नीट."

मग मी सगळं बाजूला ठेवलं. वही, धडे, घड्याळ. आणि पहिल्यांदा असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. "कमल, चालायला निघालीस की काय होतं?"

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती खरंच निघाली होती. दारातच सासूबाईंनी हटकलं, "अगं, हातात निदान इळा तरी घे. रिकामी कुठं निगालीस? लोक काय म्हनतील?" म्हणून विळा घेतला. विळा हातात आला म्हणून बांधावरचं गवत कापलं. गवत कापलं म्हणून भारा बांधला. भारा बांधला म्हणून डोक्यावर घेऊन घरी आली. चार दिवस असं डॉक्टरांचं औषध चाललं. पाचव्या दिवशी छातीत कळ आली. तेव्हापासून बंद.

मी शहरात राहून विसरले होते. आमच्या गावांत बाई रस्त्यानं चालते ती कुठंतरी पोचण्यासाठी. डोक्यावर काहीतरी, काखेत काहीतरी, हातात काहीतरी. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, "कुठं निघालीस?" आणि त्याला सांगण्यासारखं काम तिच्याकडं असावं लागतं. पुरुष पारावर दिवसभर बसला तरी त्याला कुणी कारण विचारत नाही. पण बाई रिकाम्या हातानं, कुठंच न पोचण्यासाठी, स्वतःच्या काळजासाठी चालली आहे, हे दृश्य त्या रस्त्यानं कधी बघितलंच नव्हतं. माझ्या पुस्तकात ध्येय होतं, आलेख होता, श्वास होता. हा रस्ता नव्हता.

"मग काय झालं तर चालशील?"

तिनं पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. माझ्या जिभेवर सल्ल्यांची रांग लागली. देवळाला जाते म्हण. लेकीकडे जाते म्हण. पिशवी घे, रिकामीच. मी एकेक सल्ला गिळत होते. आतून सासूबाईंच्या जात्यासारख्या खोकल्याचा आवाज येत होता. बाहेरून उसाची एक ट्रॉली कर्णा वाजवत गेली. दुसरी गेली. इतका वेळ गप्प बसायला मला माझ्या कुठल्या मुलीनं लावलं नव्हतं.

"मी न्हाईच सांगितलं तर?" कमल म्हणाली. "कुठं निगालीस म्हनलं, तर कुठंच न्हाई म्हनलं तर काय हुईल?"

"काय होईल?"

"बोलतील." ती विचारात पडली. "बोलून बोलून काय बोलतील? म्हातारीचं डोस्कं फिरलंय म्हनतील."

"मग?"

"फिरू दे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन केला. आवाजात धाप होती. दूध डेअरीपाशी पहिल्याच माणसानं टोकलं होतं. "कमलवैनी, कुठं?" "कुठंच न्हाई." "आं? मग?" "मग काय? चाललीया." तो किटली हातात घेऊन तसाच बघत राहिला म्हणे. "बाई, त्येचं त्वांड बगाय पायजे हुतं तुमी," असं म्हणून ती जी हसायला लागली, की मलाच भीती वाटली, स्प्रिंगा टिकतात की नाही.

मधल्या काळात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. पोटं सुटलेली, फौजेतून परत आलेली, ऊस बागायतदार झालेली माझी पोरं रांगेनं पाया पडत होती. एक जण माईकवर म्हणाला, "बाईंच्या छडीनं आम्ही घडलो." दरवर्षी या वाक्याला मी मान लववून हसायचे. या वेळी उठले आणि माईक घेतला. "नाही. छडी असूनसुद्धा तुम्ही घडलात. जे घडले नाहीत ते आज इथं आलेले नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. माझ्या धाकाचं कौतुक पुन्हा माझ्यापुढं करायचं नाही." शेजारचे निवृत्त मास्तर हळूच म्हणाले, "बाई, आपल्या सगळ्यांच्याच अब्रूचा प्रश्न आहे हो." म्हटलं, "आहेच."

अहवालात मी सगळं लिहिलं. शेळी, विळा, सांगलीचं मैदान, माझं वाक्य, माझी पंचवीस वर्षांची भाषणं. ऋचा मॅडमनी तो वाचून मला बोलावून घेतलं. भली पोर आहे. म्हणाली, "आजी, मला रडू आलं वाचताना. पण अहवाल तिच्याबद्दल हवा, तुमच्याबद्दल नको. बाहेरचे परीक्षक मान्य करणार नाहीत. ती दोन पानं काढा, प्रमाणपत्र लगेच देते."

"ती दोन पानं काढली तर ती का चालत नव्हती, याचं अर्धं कारण निघून जाईल."

"नियम आहे, आजी."

"असू दे. माझ्याकडं नियमांचा साठा होता, पोरी. सगळ्या जिल्ह्याला पुरून उरेल एवढा. पानं राहणार."

ती पानं अजून आहेत आणि प्रमाणपत्र अजून नाही. मुलगा म्हणतो, काढून टाक ना, काय फरक पडतो? फरक असा पडतो, की कमलच्या वडिलांची मी भर सभेत पंचवीस वर्षं नालस्ती केली. तो माणूस आता नाही. त्याच्या बाजूनं कुठल्या तरी एका कागदावर कुणीतरी लिहायला हवं होतं. तो कागद नापास झाला तरी चालेल.

परवा भोंगा वाजला आणि मी एसटी पकडून कमलकडं गेले. वहीबिही काही नेली नव्हती. ती निघायच्या बेतातच होती. नवे पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीवर. मला हसू आलं, ते का, हे तिलाही कळलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, पण विळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही, फक्त "ऊन व्हायच्या आत या गं" म्हणाल्या. आम्ही कारखान्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, पायाखाली ओलसर वाडं, तोडणीच्या टोळीच्या चुलींचा धूर. पहिली पाच मिनिटं ती माझ्याबरोबर चालली. मग तिच्या पायांनी त्यांची चाल धरली. खरोखर ठीक असलेला माझा गुडघा आता खरोखर कुरकुरायला लागला होता. दहा पावलांचं अंतर पडलं, मग वीस. समोरून भरलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर ओरडला, "ओ मावशी, कुठं निगाला मदनं?" तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण ट्रॅक्टर कडेला सरकला.

मी मैदानावरचा माझा जुना आवाज काढला. "कमळे! थांब तिथंच! हळू चाल!"

तिनं मागं न बघता एक हात वर करून हलवला आणि वळणापलीकडं दिसेनाशी झाली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझं ऐकलं नाही.